काचेच्या तारेची दोन टोकं

“…मंग चोराले चोर म्हणायले भ्यायचं काहून, उस्ताद?”

हबीब उस्ताद अंगणात बाज विणत बसले होते. त्यांनी सुतळी ओढली, गाठ मारली. वर पाहिलं नाही.

“कोण चोर?”

“दौलत.”

“काय चोरलं त्यानं?”

रूपचंद जरा अडखळला.

“चोरलं नाही. पण चोरावानीच करून राहिला. माह्या कामात माती कालवून राहिला.”

उस्तादांनी सुतळीचं दुसरं टोक शोधलं. मग शांतपणे म्हणाले, “बस.”

रूपचंद बसला नाही.

रूपचंद देवाळकर आणि दौलत खिरटकर, दोघंही उस्तादांच्या हाताखालचे. सिमेंटच्या कारखान्यात यंत्रांची नाडी पाहणारी जी मंडळी असतात, त्यांत उस्तादांचा शब्द शेवटचा असे. पेचकस कसा धरावा इथपासून तापलेल्या मोटारीजवळ कसं उभं राहावं इथपर्यंत सगळं त्यांनीच या दोघांना शिकवलं. दोघं एका डब्यात जेवले. एकाची भाजी खारट झाली तर दुसऱ्याने शिव्या देत तीच खाल्ली.

मग उस्ताद निवृत्त झाले. टेकडीच्या पायथ्याला, आपल्या गावी जाऊन राहिले. त्यांच्या जागी कुणाला तरी बसवायला हवं होतं. साहेबांनी रूपचंदला बसवलं. दौलतची बदली वर टेकडीवर झाली, दगड फोडणाऱ्या क्रशरपाशी.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं होतं. भांडणात निदान बोलणं तरी होतं.

आता टेकडीवर क्रशर, खाली कारखाना आणि मधे दगड वाहून आणणारा लांबलचक पट्टा. वर काही अडलं की खालच्या खोलीत तत्काळ कळलं पाहिजे. आजवर हा निरोप तांब्याच्या तारेतून येई. पण मोठ्या मोटारी सुरू झाल्या की तांब्याची तार बहकायची. नसलेलं सांगायची. काही झालेलं नसताना पट्टा मधेच थांबायचा, आणि एखादे दिवशी खरंच काही झालं तर हिचं ऐकावं की नाही, असा घोर लागायचा.

म्हणून पट्ट्याच्या कडेने काचेची तार टाकली. केसासारखे दोन धागे. दोन टोकांना दोन डब्या. एक्स्टेंडर म्हणतात त्यांना. ही डबी विजेचा निरोप घेते, त्याचा उजेड करून काचेतून सोडते. पलीकडची डबी त्या उजेडाची पुन्हा वीज करते. प्रत्येक डबीला दोन भोकं, एक बोलायचं आणि एक ऐकायचं. इकडचं तोंड तिकडच्या कानाला लागलं आणि तिकडचं तोंड इकडच्या कानाला लागलं, की दोन्ही डब्यांवर हिरवा दिवा लागतो.

तो दिवा लागत नव्हता.

तारेत वाहणारा उजेड डोळ्याला दिसत नाही. आणि जे दिसत नाही, तिथे संशयाला बसायला ऐसपैस जागा असते.

“तार तपासली?” उस्तादांनी विचारलं.

“तपासली. कुठी तुटली नाही.”

“डब्या?”

“दोन्ही एका टेबलावर ठेवून जोडून पाह्यल्या होत्या. झकास बोलत होत्या एकमेकीशी.”

“मंग?”

“मंग राहिलं काय, उस्ताद? वरचा माणूसच राहिला ना.”

उस्तादांनी आणखी एक गाठ मारली.

रूपचंद खाली वाकला. आवाज बारीक केला, जणू कुडाआड कुणी कान लावून बसलं होतं.

“माह्यापाशी पुरावा हाय.”

“बोल.”

“आज सकाळी तो चहाले गेला, तवा मी गुपचूप वर गेलो. डबीच्या एका धाग्याले लाल दोरा बांधला, बारीक, कोणाले दिसणार नाही असा. दोऱ्याचा धागा डावीकडच्या भोकात होता. सुरुंग झाल्यावर पुन्हा जाऊन पाह्यलं…”

“उजवीकडे होता.”

रूपचंद दचकला. उस्तादांकडेही त्याने क्षणभर संशयाने पाहिलं.

“तुम्हाले कोणी सांगितलं?”

“तू सांगून राहिला ना.”

रूपचंदने घाम पुसला. दुपारी खाणीत सुरुंग लावतात. पहिला भोंगा झाला की क्रशर आणि पट्टा बंद, दुसरा भोंगा झाला की चालू. डबीला हात लावायची मुभा तेवढ्याच वेळात. पहिल्या भोंग्याला डबीची वीज बंद करायची, मग धाग्याला हात लावायचा, आणि दुसऱ्या भोंग्याला वीज चालू करून दूर व्हायचं. चालू डबीचा धागा काढू नये, तो उजेड डोळा जाळतो आणि जळालेलं कळतही नाही. हा नियमही उस्तादांचाच.

“साहेबाले काय सांगितलं?”

“सांगितलं की वर कोणी तरी धागे ओढून राहिलं. ते म्हणते, उद्या सांजपर्यंत नाव दे, त्याले मी गेटाबाहेर काढतो. तुम्ही एक शब्द टाका, उस्ताद. तुमचा शब्द साहेब खाली पडू देत नाही.”

“गेटाबाहेर म्हणजे क्वार्टरही जाईन त्याचं.”

“जाईन.”

“लेकरं हायेत.”

“त्यानं विचार करायले पाहिजे होता.”

उस्तादांनी सुतळी खाली ठेवली. पहिल्यांदा रूपचंदकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहावा, तसं ते पाहणं होतं.

“वरचे धागे दौलतनं बदलवले.”

“हो.”

“आणि खालचे?”

“खाली तर मीच होतो.”

“मंग?”

“मंग काय? दिवा लागत नव्हता म्हणून मी बदलवून पाह्यले. मी तर दुरुस्त करत होतो.”

“अस्सं…”

“तुम्हीच शिकवलं ना, उस्ताद? काही बिघडलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवू नका, आधी आपलं टोक पाहा. मी आधी आपलं टोक पाह्यलं. रोज पाहून राहिलो. अजून काय करायचं माणसानं?”

“दौलतले कोणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

उस्तादांनी खाली ठेवलेली सुतळी पुन्हा उचलली.

रूपचंदला वाटलं, म्हातारा आता दौलतचीच बाजू घेणार. दोन्ही पोरं सारखीच म्हणायचं, पण मनात एक उजवं असतंच. कदाचित दौलत आधीच येऊन कान भरून गेला असेल. कोपऱ्यातल्या दोन कपांकडे त्याची नजर गेली. दोन कप कशाला? घरात म्हातारा एकटा.

“तो आला होता का इथं?”

“कोण?”

“दौलत.”

“दोन कप पाहून म्हणतोस काय?” उस्ताद हसले. “एक फुटका हाय, बेटा. टाकवत नाही म्हणून ठेवला.”

रूपचंद ओशाळला, आणि ओशाळला म्हणून जास्तच चिडला.

“जाऊ द्या. तुम्ही शब्द टाकू नका. उद्या मीच नाव देतो.”

तो तरातरा निघाला.

अंगणातून बाहेर पडायची वाट म्हणजे घराची भिंत आणि तुराट्यांचं कुंपण यांच्यामधली एक बोळ. एक माणूस जाईल एवढीच, दुसरा आला तर अंग चोरावं लागे. रूपचंद बोळीच्या मध्यावर पोचला. मागे वळून पाहिलं तर उस्ताद अंगणात नव्हते. घरातून पुढच्या दाराने निघून ते समोरून येत होते. हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली.

रूपचंद भिंतीकडे सरकला.

उस्तादही भिंतीकडे सरकले.

रूपचंद कुंपणाकडे झाला.

उस्तादही कुंपणाकडे.

पाणी हिंदकळून रूपचंदच्या बुटावर सांडलं. तो पुन्हा भिंतीकडे. समोर पुन्हा उस्ताद.

“उस्ताद! वाट काहून अडवून राहिले?”

“मी?” उस्ताद म्हणाले. “मी तर तुले वाट देऊन राहिलो.”

…

“अशानं कसं जमंल?” रूपचंद वैतागला. “कोणी तरी एकानं उभं राहिलं पाहिजे ना!”

उस्तादांनी बादली खाली ठेवली.

“कोणी?”

रूपचंदच्या तोंडाशी ‘तुम्ही’ आलं होतं. ते तिथेच थांबलं.

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. उस्ताद बादली उचलून त्याच्या छातीला घासून निघून गेले. मागे वळले नाहीत.

रूपचंद बराच वेळ बोळीतच उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला भोंगा झाला.

रूपचंदने डबीची वीज बंद केली आणि खुर्चीत बसला. हात मांडीवर ठेवले. आज आपण हात लावायचा नाही. दौलत काय करायचं ते करो. आपण उभं राहायचं.

हात मांडीवर ठेवणं सोपं. मन कुठे ठेवणार?

आधी वाटलं, आज तो बदलवेल आणि दिवा लागेल. मग वाटलं, दिवा लागला तर श्रेय त्याला जाईल. मग वाटलं, त्याला कळलं असेल की आज आपण हात लावत नाही, आणि म्हणून तोही मुद्दाम लावणार नाही. मग वाटलं, त्याला कळेल कसं? उस्तादांनी सांगितलं असेल. सकाळी टेकडीवर जाणारी गाडी उस्तादांच्या गावावरूनच जाते…

रूपचंदने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मांडीवरच होते. पण मुठी झाल्या होत्या.

टेबलाच्या कडेला इंटरकॉम होता. क्रशरचा नंबर त्याला पाठ होता. दौलत वर गेल्यापासून त्याने तो एकदाही फिरवला नव्हता.

त्याने फिरवला.

“हॅलो, क्रशर.”

“दौलत… मी रूपचंद.”

तिकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

“बोला, साहेब.”

साहेब. रूपचंदला ते दगडासारखं लागलं. त्याने गिळून घेतलं.

“आज धागे बदलवले का?”

“हात नाही लावला.”

“काहून?”

“लाल दोरा कोणी बांधला, ते समजल्याशिवाय लावत नाही.”

रूपचंदची कानशिलं तापली. मला काय ठाऊक, असं म्हणता आलं असतं. तिकडून तोंड थोडंच दिसत होतं?

“…माहा हाय.”

“माहीत होतं.”

“कसं?”

“गाठ पाह्यली. तशी गाठ उस्तादांची. आपल्या दोघांलेच येते.”

खाणीत एक सुरुंग उडाला. रूपचंदला तो आधी फोनमधून ऐकू आला आणि मग खिडकीतून.

“दौलत, खालचे धागे मीही बदलवत होतो.”

“कधी?”

“भोंगा झाला की. रोज.”

तिकडून काही आवाज आला. हसला की खाकरला, कळलं नाही.

“मीही भोंगा झाला की,” दौलत म्हणाला. “आधी आपलं टोक पाहा म्हणून.”

“म्हणजे दोघंही…”

“दोघंही. तुम्ही तिकडून फिरवलं, मी इकडून फिरवलं. जसं होतं तसंच. तोंडाले तोंड, कानाले कान.”

रूपचंदने डोळे मिटले.

“मंग आज एकानंच बदलवायचं,” तो म्हणाला. “तू बदलव.”

“मी नाही.”

“आता काय झालं?”

“मी हात लावीन, आणि तुम्ही सांजच्याला साहेबाले सांगसान, पाहा, दौलतनं पुन्हा धागे ओढले. तुमचा दोरा अजून तिथंच हाय. नाव द्यायचं हाय ना आज तुम्हाले?”

हेही त्याला ठाऊक होतं. कुणी सांगितलं? रूपचंदच्या मनात पुन्हा साप हलला. साहेबांचा शिपाई? ड्रायव्हर? त्याने विचारलं मात्र नाही.

“बरं. मी बदलवतो. पण तू तिकडे…”

“मी कायले हात लावू? डबीकडे पाठ करून उभा हाय.”

“मले कसं दिसंल?”

“नाही दिसणार.”

…

घड्याळाचा काटा सरकत होता. दुसरा भोंगा आता होईल की मग होईल. रूपचंदने फोन खांद्याला आणि गालाला दाबून धरला. दोन्ही धागे काढले. बोटं ओली झाली होती, ती शर्टाला पुसली. डावीकडचा उजवीकडे घातला. उजवीकडचा डावीकडे घालताना हात थबकला. आत्ता, याच क्षणी, वर तोही असंच करत असला तर? आपल्याला वेड्यात काढायला? मग उद्या सगळ्या कारखान्यात हसू होईल, की रूपचंदनं फोन करून माफी मागितली आणि दिवा तर लागलाच नाही.

फोनमधून दौलतचा श्वास ऐकू येत होता. जुना दमा त्याचा. दोघं सिमेंटच्या पावडरीत काम करायचे तेव्हाचा.

रूपचंदने धागा आत दाबला. खट् आवाज झाला.

दुसरा भोंगा झाला.

त्याने वीज चालू केली. डबीवर एक पिवळा ठिपका आला. लुकलुकला. मग काहीच नाही.

“दौलत?”

“वीज चालू केली मी.”

“पाठ करूनच?”

“हात मागं घालून केली.”

आणि डबीवर हिरवा दिवा लागला.

रूपचंद बघतच राहिला. एवढासा दिवा. मोहरीच्या दाण्याएवढा. त्याच्यासाठी एका माणसाचं घर उठणार होतं.

“इकडे लागला,” तो म्हणाला. “तिकडे?”

बराच वेळ उत्तर आलं नाही. रूपचंदला कळलं, दौलत अजून पाठ करूनच उभा आहे. आता वळत असेल.

“…लागला.”

फोन आधी कुणी ठेवला, ते दोघांनाही आठवणार नाही.

संध्याकाळी साहेबांनी नाव विचारलं. रूपचंद म्हणाला, “नाव नाही, साहेब. धागे उलटे लागले होते.” साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. पट्टा चालला होता, त्यांना तेवढं पुरे होतं.

तिथून तो थेट उस्तादांकडे गेला.

बोळीतून अंगणात शिरला तर बाजेवर दौलत बसलेला. पायांत बूट, अंगावर दगडाची पांढरी धूळ, तसाच आला होता.

“चुगली करायले आला का?” रूपचंदच्या तोंडून निघून गेलं.

“मंग काल तू काय इथं आरती करायले आला होता?”

“काल मी आलो हे तुले कोणी सांगितलं?”

“बुटावर पाणी पडलं ना तुह्या, बे? गावातल्या बाया हसून राहिल्या. देवाळकर साहेब ओले होऊन गेले म्हणे.”

रूपचंद हसू दाबत होता. जमलं नाही. मग दौलतलाही जमलं नाही. पण हसून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. हसणं संपलं की आत काय उरतं, ते पाहावं तसं.

उस्तादांनी चहा आणला. चांगला कप रूपचंदला दिला. दौलतला पेला दिला. स्वतः फुटक्या कपात घेतला आणि फुटलेली बाजू सांभाळून फुंकर घालत बसले.

दौलतने बाह्यांवरची धूळ झटकली.

टेकडीवरून पट्ट्याची घरघर येत होती. एकसारखी. मधे थांबत नव्हती.

“एक सांगा, उस्ताद,” रूपचंद शेवटी म्हणाला. “राहवत नाही म्हणून पुसतो. पहिल्या दिवशी धागे उलटे कोणी लावले? यानं का मी?”

दौलतने पेला खाली ठेवला.

“मलेही तेच पुसायचं होतं. त्याच्यासाठीच आलो.”

“मी सरळच लावले होते,” रूपचंद म्हणाला.

“मंग मी काय उलटे लावले?”

“मी तसं म्हटलं का?”

“म्हटलं नाही. पण पाह्यलं तसंच.”

दोघंही उस्तादांकडे वळले. दोघांच्याही डोळ्यांत तेच… मला निर्दोष ठरवा.

उस्तादांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. कप उपडा केला.

“दिवा लागून हाय ना?”

“लागून हाय,” दोघं एकदम म्हणाले.

“तर मंग जा,” उस्ताद म्हणाले. “विझवून पाहा.”